सोलापुरातील बँडसाठी छोटे स्वतंत्र रेकॉर्ड लेबल: काढावे का, आणि काढल्यास कसे चालवावे?

होटगीरोड
नमस्कार. सोलापुरात स्वतःची गाणी बांधणारी मुले आता बरीच आहेत. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत ती वाजवतात, आणि पदवी हाती पडली की नोकरीसाठी पुण्याला निघून जातात. त्यांच्या गाण्यांपैकी मागे उरते ते कोणाच्या तरी मोबाइलवर घेतलेले, शिट्ट्यांत बुडालेले चित्रण. ही गाणी नीट ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध व्हावीत, म्हणून आम्ही तिघे मित्र एक छोटे लेबल काढण्याच्या विचारात आहोत. भांडवल फार नाही आणि स्वतःचा स्टुडिओ उभारण्याचा बेतही नाही. बँड निवडावा, ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलावा, गाणे सर्व स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवावे आणि आलेल्या पैशांचा हिशेब चोख ठेवावा, एवढेच काम डोळ्यांपुढे आहे. अशा लेबलची आज गरज आहे का, गाण्याची मालकी कोणाकडे असावी आणि सोलापुरात ध्वनिमुद्रण कुठे करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ध्वनिसहायक
प्रयत्नाला शुभेच्छा, पण पहिल्याच प्रश्नावर मला शंका आहे. डिस्ट्रोकिड किंवा ट्यूनकोर यांसारख्या वितरण सेवेचे शुल्क भरले की कोणताही बँड आपले गाणे घरबसल्या स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक आणि ॲपल म्युझिकवर चढवू शकतो. पूर्वी कॅसेट कारखान्यातून काढून दुकानादुकानांत पोहोचवावी लागे आणि त्यासाठी कंपनीशिवाय गत्यंतर नव्हते. तो अडसर आता उरलेला नाही. शिवाय स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत एखादे गाणे किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल तर त्याला मानधनच मिळत नाही. गावातल्या नव्या बँडला हा टप्पा गाठणेही सोपे नसते. मग लेबल नेमके देणार काय?

बाळीवेस
ध्वनिसहायक यांचा प्रश्न रास्त आहे, पण गाणे चढवणे म्हणजे प्रसिद्ध करणे नव्हे. माझ्या परिचयातील बँडचे एकही गाणे आज ऐकायला मिळत नाही, कारण वितरण सेवेचे वार्षिक शुल्क ज्या सदस्याच्या खात्यातून जात असे तो बंगळूरला गेला, शुल्क थकले आणि गाणी उतरवली गेली. बँड फुटतात, मुले पांगतात. गाण्यांची देखभाल करणारे कोणीतरी गावात राहावे लागते. माझ्या मते लेबलचे पहिले काम हेच आहे.

वकीलकट्टा
मालकीच्या प्रश्नावर मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक भांडणे तिथेच उद्भवतात.

एका गाण्यात निदान तीन निरनिराळे हक्क असतात: शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रण करण्यात जो पुढाकार घेतो आणि त्याची जबाबदारी उचलतो, तो निर्माता ठरतो. म्हणजे तुम्ही खर्च करून, तारीख ठरवून, तंत्रज्ञ नेमून ध्वनिमुद्रण केलेत आणि कागदावर काहीच लिहिले नाहीत, तर ध्वनिमुद्रणाची मालकी तुमची असल्याचा दावा सहज उभा राहतो. बँडने स्वतःच्या पैशाने केलेले ध्वनिमुद्रण तुमच्याकडे फक्त प्रसिद्धीसाठी दिले असेल, तर मालक बँड असतो. दोन्ही पक्षांना हे आधी ठाऊक असलेले बरे.

हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. कलम १९ सांगते की, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण केवळ भारतापुरते मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी मोठा बदल केला. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा आपला समान वाटा सोडून देता येत नाही. तो त्यांच्या कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. त्यामुळे "सर्व हक्क कायमचे कंपनीला" असे वाक्य एखाद्या नमुना करारातून उचलून घातले, तरी या वाट्यापुरते ते टिकत नाही. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या, त्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे, असे तुम्ही पहिल्याच बैठकीत सांगा. सीडी किंवा पेनड्राइव्ह विकणार असाल, तर कलम ५२अ प्रमाणे निर्मात्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे.

ड्रमर_अशोकचौक
वकीलसाहेबांचे आभार. वादकाच्या बाजूने माझे स्पष्ट मत असे आहे की ध्वनिमुद्रणाची मालकी बँडकडेच असावी आणि लेबलला ठरावीक वर्षांचा परवाना मिळावा.

आमच्या गटाने मोठ्या शहरातील एका कंपनीशी करार केला होता. गाणे प्रसिद्ध झाले, पण हिशेबाचा एकही कागद आम्हाला कधी मिळाला नाही. पुढे तेच गाणे नव्याने वाजवून प्रसिद्ध करावे असे आम्हाला वाटले, तेव्हा करारातील एका कलमाकडे बोट दाखवून आम्हाला मनाई करण्यात आली. आमचेच गाणे आम्हाला वाजवायची परवानगी मागावी लागली, याचा सल अजून गेलेला नाही. गावातल्या लेबलने असे वागू नये, म्हणून हे लिहीत आहे.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात इयन मकाय आणि जेफ नेल्सन या तरुणांनी १९८० मध्ये आपल्याच बँडची तबकडी काढण्यासाठी डिस्कॉर्ड हे लेबल सुरू केले. त्यांनी आपल्या शहरातलेच बँड घेतले, नफा बँडबरोबर वाटून घेतला, आणि ते लेबल आजही टिकून आहे. एकाच शहरापुरते काम करायचे हा त्यांचा निर्णय मला सोलापूरसाठी सर्वांत मोलाचा वाटतो.

जमाखर्च
ड्रमर यांचा अनुभव वाचून वाईट वाटले. पण पैसे घालणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. मालकी बँडची, खर्च लेबलचा आणि परवाना दोन-तीन वर्षांचा, असे ठरले तर लेबल दुसरे गाणे काढण्याआधीच बंद पडेल. माझी सूचना अशी की, येणाऱ्या रकमेतून आधी प्रत्यक्ष खर्च वसूल व्हावा आणि त्यानंतर निम्मे-निम्मे वाटप व्हावे. गीतकार-संगीतकारांचा कायदेशीर वाटा मात्र या वसुलीत कधीही धरू नये. परवाना किमान पाच वर्षांचा असावा.

नोंदणीचे काम अवघड नाही. तिघे आहात तर भागीदारीचा लेख करा, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद करा, उद्यम नोंदणी विनामूल्य होते तीही करून घ्या, आणि लेबलच्या नावाने स्वतंत्र बँक खाते पहिल्या दिवसापासून ठेवा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ट्रेडमार्कसाठी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे. ते पहिल्याच वर्षी भरण्याची घाई नको, मात्र तेच नाव आधी कोणी घेतलेले नाही ना, हे जरूर तपासा. परदेशातून येणाऱ्या रकमेबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकी सेवांना डब्ल्यू-८ मालिकेतला (परदेशी करदात्यांसाठीचा) योग्य अर्ज आणि पॅन क्रमांक दिला नाही, तर तिथल्या श्रोत्यांकडून आलेल्या उत्पन्नावर ३० टक्के कर कापला जातो. दिला तर भारताशी असलेल्या करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो.

ड्रमर_अशोकचौक
जमाखर्च काका, आधी खर्च वसूल व्हावा हे मान्य आहे, पण खर्चात काय काय धरायचे ते करारात लिहिलेले असावे. चहापाणी, प्रवास आणि "प्रसिद्धी खर्च" यांच्या नावाखाली वसुली कधी संपतच नाही, हे मी पाहिले आहे. ध्वनिमुद्रणाआधी एक कमाल रक्कम ठरवावी, दोघांनी त्यावर सही करावी, आणि त्यापेक्षा जास्त झालेला खर्च लेबलने सोसावा.

जमाखर्च
कमाल रक्कम ठरवण्याची सूचना मला पूर्ण मान्य आहे. त्यासोबत वर्षातून दोनदा लेखी हिशेब द्यावा, आणि रक्कम शून्य असली तरी शून्याचा कागद पाठवावा. विश्वास त्या शून्याच्या कागदानेच टिकतो.

ध्वनिसहायक
ध्वनिमुद्रणाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. सोलापुरात खोली बंदिस्त करायची म्हटले की सगळ्यांना आधी चादरी आठवतात. जाड सुती चादरी भिंतीपासून थोड्या अंतरावर, घड्या पाडून टांगल्या तर आवाजातील वरच्या पट्ट्यांचा घुमारा खरोखर कमी होतो आणि गायकाच्या ध्वनिमुद्रणाला एवढे पुरते. मात्र बास आणि ड्रमच्या खालच्या पट्ट्यांवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते आणि ती अडवायला चादरीची जाडी कुठेच पुरी पडत नाही. म्हणून ड्रम लहान खोलीत घेऊ नका. उंच छताची मोठी जागा शोधा, तिथे ड्रम आणि बास एकत्र घ्या, आणि गिटार व गायन नंतर घरी थरावर थर चढवत करा. आठ मार्गांचा एक ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे यंत्र) आणि साधे डायनॅमिक मायक्रोफोन एवढ्यावर काम भागते. २४ बिटमध्ये मुद्रण करा आणि पातळी पुरेशी खाली ठेवा, कारण फाटलेला आवाज पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याचे काम, करताना आवाज शक्य तितका मोठा करण्याचा हट्टही सोडा. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) पातळीवर आणून वाजवते. दाबून मोठे केलेले गाणे तिथे मोठे न राहता फक्त सपाट होते.

बाळीवेस
उंच छताची जागा म्हणजे मंगल कार्यालय. लग्नसराईत ते मिळणार नाही, पण चातुर्मासात बहुतेक कार्यालये रिकामी असतात आणि मालकाशी बोलले तर दोन दिवस वाजवी भाड्यात मिळू शकतात. आषाढ-श्रावणात हवाही बरी असते. एप्रिल-मेमध्ये पंखे बंद करून ड्रम वाजवायला लावणे हा वादकांचा छळ आहे, आणि पंखे चालू ठेवले तर त्यांचा आवाज प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरतो. जागा निवडताना शेजारी यंत्रमाग नाहीत ना, हेही पाहा. भिंतीपलीकडची खटखट रात्रपाळीतही थांबत नाही.

हलगी_घुमक
आतापर्यंतची सगळी चर्चा गिटार आणि ड्रमभोवतीच फिरत आहे. सोलापुरात रोज वाजणारे संगीत वेगळे आहे. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड, मिरवणुकीतली हलगी आणि गणेशोत्सवातले लेझीम यांच्याभोवती या शहराचे कान घडले आहेत. डॉल्बीच्या भिंतीपुढे हलगीवाल्यांच्या सुपाऱ्या कमी होत आहेत, आणि जुन्या वादकांकडचे ठेके त्यांच्याबरोबर संपून जातील अशी भीती आहे. महाविद्यालयीन मुले स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी जपून ठेवतील तरी. या वादकांचे नीट ध्वनिमुद्रण कोण करणार? तुमचे लेबल खरोखर सोलापूरचे असेल, तर पहिले ध्वनिमुद्रण हलगीचे व्हावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

ध्वनिसहायक यांना एक विनंती आहे. हलगी शेकोटीवर तापवून चढवतात आणि थंड झाली की तिचा आवाज उतरतो, त्यामुळे बंद सभागृहात ती नीट वाजणार नाही. मोकळ्या अंगणात, जाळ जवळ ठेवून ध्वनिमुद्रण करावे लागेल.

होटगीरोड
हलगी_घुमक यांचा मुद्दा मनाला भिडला. आमच्या मनात गिटारवाले बँडच होते, हे खरे आहे. प्रश्न इतकाच आहे की ब्रास बँडवाले प्रामुख्याने चित्रपटगीते वाजवतात. ती प्रसिद्ध करता येतील का?

वकीलकट्टा
सहजासहजी नाही. दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती काढण्यासाठी कलम ३१क मध्ये वैधानिक परवान्याची सोय आहे. पण मूळ गाणे ज्या वर्षी प्रथम ध्वनिमुद्रित झाले त्या वर्षाअखेरपासून पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि दर वर्षी प्रत्येक कृतीमागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधीच भरावी लागते. छोट्या लेबलने त्या वाटेला जाऊ नये.

पारंपरिक ठेके आणि जुन्या रचना मात्र मोकळ्या आहेत. शब्द आणि चालींचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या लावण्यांवर आज कोणाचाही हक्क नाही. ब्रास बँडने त्यातली एखादी नव्या बांधणीत वाजवली तर कोणाची परवानगी लागणार नाही. आपल्याच जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख यांचे निधन १९६९ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या रचनांचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत कायम आहे. त्या घ्यायच्या असतील तर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या.

पूर्वभाग
आणखी एक गोष्ट सुचवतो. आमच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, आणि त्या मिरवणुकीत वाजणारे, गाइले जाणारे सगळे काही मराठीत नसते. शहरात कन्नड आणि दखनी बोलणारेही तितकेच आपले आहेत. लेबलने केवळ मराठी गाणीच घ्यायची असे ठरवू नये. मुले घरी एका भाषेत बोलतात, चौकात दुसऱ्या भाषेत भांडतात आणि गाणी तिसऱ्या भाषेत लिहितात. हे संगीत दुसऱ्या कोणत्या शहरात तयार होणार? गाणे चढवताना भाषेचा रकाना बिनचूक भरा. तेलुगू गाण्याला मराठी म्हणून नोंदवले तर ज्यांनी ते ऐकावे त्यांच्यापर्यंत ते पोहोचणे कठीण होते.

बार्शीकर
पूर्वभाग अण्णांशी शंभर टक्के सहमत. मात्र पहिल्याच वर्षी चार भाषा आणि पाच प्रकार हाती घेतले, तर एकही काम धड होणार नाही. वर्षाला दोन-तीन प्रकाशने, पण नेटकी, एवढेच करावे.

विक्रीबद्दल कोणी बोलले नाही. स्ट्रीमिंगमधून नव्या बँडला मिळणारी रक्कम नगण्य असते. बँडकॅम्पवर श्रोता थेट पैसे देतो आणि ती सेवा डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के आणि पैशांच्या व्यवहाराचे शुल्क कापून उरलेली रक्कम देते. परंतु तिथले पैसे पेपल या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेमार्फत येतात, आणि पेपलने भारतातील देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत. त्यामुळे परदेशातल्या श्रोत्यांसाठी ते ठेवा, गावातल्या श्रोत्यांसाठी नको. इथे थेट यूपीआयचा फलक लावून विक्री करा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि होम मैदानावर गड्डा (जत्रेचा बाजार) असतो; तिथे जिल्हाभरातून माणसे येतात. पाच-सहा गाण्यांचा पेनड्राइव्ह आणि सोबत शब्द छापलेली पुस्तिका ठेवली, तर गाडीत बसल्या बसल्या लोक लावून पाहतील. गाणी ऐकवायला टपरीवर एक चांगला स्पीकर मात्र हवा.

ध्वनिसहायक
इथपर्यंतची चर्चा वाचून मी माझ्या पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. गाणे चढवण्यासाठी लेबल लागत नाही, या मतावर मी ठाम आहे. पण पांगलेल्या बँडची गाणी सांभाळणे, हिशेबाचे कागद वेळेवर पाठवणे आणि स्वतःहून स्टुडिओत कधीच जाणार नाहीत अशा वादकांपर्यंत मायक्रोफोन नेणे ही कामे वितरण सेवा करत नाही. त्यासाठी लेबल हवे, हे मला आता पटले आहे. हलगीच्या ध्वनिमुद्रणाला माझी उपकरणे घेऊन मी येईन. त्याचे भाडे लावू नका.

एक तांत्रिक बाब राहून गेली. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा चिन्हांचा क्रमांक असतो. वितरण सेवा तो देते, किंवा इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून स्वतःचा उपसर्ग, म्हणजे क्रमांकाचा सुरुवातीचा भाग, घेता येतो. क्रमांकांची वही ठेवा. उद्या वितरण सेवा बदललीत आणि तोच क्रमांक वापरलात, तर गाण्याची आधीची श्रोतेसंख्या सहसा कायम राहते. नवा क्रमांक पडला तर ती शून्यापासून सुरू होते.

होटगीरोड
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज आम्ही तिघे भेटलो आणि पुढीलप्रमाणे ठरवले. ध्वनिमुद्रणाची मालकी बँडची राहील, लेबलला पाच वर्षांचा परवाना असेल, खर्चाची कमाल रक्कम आधी लिहिली जाईल आणि हिशेब सहा महिन्यांनी जाईल. पहिले प्रकाशन एकाच बँडचे करण्याऐवजी एकत्रित संग्रह करू: एक हलगी पथक, राम जोशींची रचना वाजवणारा एक ब्रास बँड, एक तेलुगू गाणे आणि महाविद्यालयीन बँडची दोन गाणी. हलगी आताच, उन्हाळा सुरू होण्याआधी, मोकळ्या जागेत घेऊ. बाकीचे आषाढात कार्यालय मिळाले की घेऊ. आणि संग्रह गड्ड्याला विक्रीस ठेवू. ड्रमर_अशोकचौक यांनी बँड निवडताना आमच्याबरोबर बसावे, अशी विनंती आहे.

ड्रमर_अशोकचौक
नक्की बसेन. एक अट आहे: निवड करताना बँड प्रत्यक्ष वाजवताना ऐकायचा, चित्रफितीवरून निवडायचा नाही.

वकीलकट्टा
कराराचा मसुदा मी तयार करून देतो. तो मराठीत असेल आणि दोन पानांपेक्षा मोठा नसेल. हलगी पथकाला तो वाचून दाखवा आणि शंका विचारायला पुरेसा वेळ द्या. पथकातील प्रत्येक वादकाची स्वतंत्र सही घ्या, कारण वादक म्हणून त्यांचे सादरीकरणाचे हक्क स्वतंत्र आहेत आणि पथकप्रमुखाच्या एका सहीने ते तुमच्याकडे येत नाहीत. महाविद्यालयीन बँडमध्ये कोणी अठरा वर्षांखालील असेल तर त्याच्याशी केलेला करार टिकणार नाही, तेव्हा पालकांना बैठकीलाच बोलवा.